पहिल्या तासातले मृत्यू : एका नोंदणी कार्यालयातील वर्गीकरणाचे प्रकरण

ज्या नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाचे हे प्रकरण आहे, ते कार्यालय कागदोपत्री अव्वल होते. मासिक विवरणपत्र वेळेवर जात असे, बहुतेक जन्म २१ दिवसांच्या आत नोंदले जात, दाखल्यासाठी कोणाला हेलपाटे घालावे लागत नसत आणि तपासणीच्या शेऱ्यात ‘समाधानकारक’ हाच शब्द वर्षानुवर्षे उमटत असे. शहरात एक उपजिल्हा रुग्णालय, बरीच खासगी प्रसूतिगृहे आणि नवजात अर्भकांसाठी अतिदक्षता कक्ष असलेली रुग्णालये होती. आजूबाजूच्या तालुक्यांतील अवघड बाळंतपणे येथेच येत. असे असूनही मृत्यूच्या नोंदवहीत एक दिवसाच्या आतील बाळाची नोंद शोधावी लागे, आणि उपजत मृत्यूंची, म्हणजे मृतच जन्मलेल्या बाळांची, वही मात्र महिन्यामागून महिने नियमितपणे भरत होती. पडताळणी सुरू झाली ती या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर. कार्यालयाचे, रुग्णालयांचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही, कारण हा दोष कोणा एकाचा नव्हता.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे देशपातळीवरील दोन आकडे शेजारी मांडले की दिसते. नागरी नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात सुमारे २.४२ कोटी जन्म नोंदले गेले आणि एक वर्षाच्या आतील १,४३,३७९ मृत्यू नोंदले गेले. म्हणजे नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे जेमतेम सहा अर्भकमृत्यू. त्याच वर्षी, निवडक गावे व शहरी भागांतील जन्म-मृत्यू मोजून अंदाज काढणाऱ्या नमुना नोंदणी पद्धतीने काढलेला अर्भकमृत्यू दर हजारी २८ होता. शिवाय नोंदलेल्या अर्भकमृत्यूंपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक शहरी भागातले होते. याचा अर्थ शहरात अर्भके जास्त मरतात असा कोणी काढणार नाही. खेड्यातले मरण वहीपर्यंत पोहोचत नाही, एवढाच तो आहे. जन्माची नोंदणी शाळा, आधार आणि पासपोर्टमुळे घराघरात पोहोचली. दाखला लागणारच नाही, अशा बाळाच्या मृत्यूला तसा रेटा मिळाला नाही. आणि २०२० च्या हजारी २८ पैकी सुमारे १५ मृत्यू पहिल्या सात दिवसांतले होते, हे लक्षात घेतले तर पहिला आठवडा, त्यातही पहिला दिवस, निसटला की अर्भकमृत्यूच्या आकड्याचा मोठा भागच निसटतो.

आमच्या प्रकरणातील बाळे मात्र रुग्णालयातली होती. ती नोंदणीबाहेर राहिली नव्हती. ती नोंदली गेली होती, पण भलत्याच वहीत. हा दोष नोंद न होण्यापेक्षा अधिक त्रासदायक असतो, कारण एकूण नोंदींची बेरीज बरोबर येते आणि कोणाला संशय येत नाही.

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याबाबत संदिग्ध नाही. गर्भारपण कितीही आठवड्यांचे असो, आईपासून पूर्णपणे बाहेर आल्यावर बाळाने श्वास घेतला किंवा जिवंतपणाचे दुसरे कोणतेही लक्षण दाखवले, तर तो जिवंत जन्म होय. उपजत मृत्यू म्हणजे किमान विहित कालावधी, म्हणजे २८ आठवडे, पूर्ण केलेल्या गर्भाचा बाहेर येण्यापूर्वीच झालेला मृत्यू. ‘दुसरे कोणतेही लक्षण’ या शब्दांत काय काय येते, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५० पासूनच्या व्याख्येत उलगडून दिले आहे : हृदयाचे ठोके, नाळेतील स्पंदन, स्नायूंची निश्चित हालचाल. म्हणून वीस मिनिटे जगलेल्या बाळासाठी दोन अहवाल लागतात, नमुना १ मध्ये जन्माचा आणि नमुना २ मध्ये मृत्यूचा. संस्थेत मृत्यू झाला असेल तर त्यासोबत नमुना ४ मधील मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्रही. उपजत मृत्यूसाठी नमुना ३ हा एकच कागद पुरतो. तीन कागद आणि एक कागद, हा फरक प्रसूतिकक्षातील रात्रपाळीला फार मोठा असतो.

ज्या एका नोंदीवरून प्रकरणाचा उलगडा झाला, ती थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. एका खासगी प्रसूतिगृहाकडून आलेल्या नमुना ३ मध्ये गर्भारपण ३३ आठवड्यांचे, बाळ मुलगी, आणि मृत्यूचे कारण ‘जन्मतः श्वास गुदमरणे’ असे होते. कारणाचा हा रकानाच पहिला इशारा होता. जन्मल्यावर श्वास न लागणे हे निदान जन्मलेल्या बाळाचे असते. पोटात गुदमरून गेलेल्या बाळासाठी डॉक्टर वेगळे शब्द आणि आयसीडीत, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, वेगळा संकेतांक वापरतात. रुग्णालयाच्या संमतीने प्रसूतिकक्षाची नोंदवही पाहिली. तेथे त्याच बाळापुढे, बारीक पण स्वच्छ अक्षरात, अपगार गुण, म्हणजे जन्मताच बाळाची अवस्था मोजणारे गुण, पहिल्या मिनिटाला १ आणि पाचव्या मिनिटालाही १ असे लिहिलेले होते, आणि शेऱ्याच्या रकान्यात पिशवी व मास्कने श्वास देण्याचे प्रयत्न केल्याची नोंद होती. अपगारमध्ये पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण असतात. श्वास नाही, रंग निळा, अंग शिथिल, प्रतिसाद नाही, तरीही एक गुण मिळाला असेल तर तो व्यवहारात हृदयाच्या ठोक्यांचाच असतो. निर्जीव बाळाचा अपगार शून्य असतो. म्हणजे ज्या परिचारिकेने वही भरली, तिने त्या बाळाचे हृदय चालू असल्याचे दोनदा लिहून ठेवले होते, आणि त्याच इमारतीतून दुसऱ्या दिवशी गेलेल्या कागदाने ते बाळ कधी जिवंत नव्हतेच असे सांगितले होते.

यानंतर शक्य तेवढ्या रुग्णालयांतील नमुना ३ प्रसूतिकक्षाच्या वहीशी ताडून पाहिले. शून्याहून अधिक अपगार असलेल्या पण उपजत ठरलेल्या नोंदी एकाच ठिकाणच्या नव्हत्या. त्यातून आणखी एक गळती दिसली. २८ आठवड्यांच्या आधी जन्मलेले आणि काही काळ धडपडलेले बाळ कायद्याने जिवंत जन्म ठरते, पण ‘एवढ्या लवकरचे बाळ म्हणजे गर्भपातच’ या समजुतीने त्याचा नमुना १ ही भरला जात नव्हता, २ ही नाही; आणि २८ आठवडे पुरे नसल्याने नमुना ३ चाही प्रश्न नव्हता. अशी बाळे तिन्ही वह्यांत नव्हती. अतिदक्षता कक्षांच्या सोयी वाढत जातील तशी या बाळांची संख्या वाढणार आहे, म्हणून ही गळती आज लहान वाटली तरी दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

कारणे शोधताना ‘डॉक्टर मुद्दाम लपवतात’ हे उत्तर सर्वांत आधी पुढे आले, आणि ते पुरेसे नव्हते. प्रसूतिगृहांत नमुने भरण्याचे काम बहुधा स्वागतकक्षातील लिपिकाकडे होते. तो डिस्चार्ज कार्डावरून माहिती उतरवत असे, आणि कार्डावर ‘बाळ दगावले’ एवढेच असे. त्याला नमुना २ आणि नमुना ३ यांत काय फरक आहे, हे कोणी सांगितलेले नव्हते. दगावलेल्या बाळाचा कागद म्हणजे नमुना ३, अशी त्याची सोपी समजूत होती. दुसरी अडचण नावाची होती. नाव नसलेल्या बाळाचा जन्म नोंदता येत नाही, असे लिपिकांना वाटे. वास्तविक अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे नावाशिवाय जन्म नोंदता येतो आणि नाव नंतर भरता येते. दगावलेल्या बाळाच्या बाबतीत तो रकाना कोरा राहिला तरी नोंदीला बाध येत नाही. तिसरी अडचण नमुना २ मधील वयाची होती. वय एक महिन्याच्या आत असेल तर दिवसांत आणि एक दिवसाच्या आत असेल तर तासांत लिहायचे असते. तासही पूर्ण न झालेल्या बाळाचे वय काय लिहायचे, या प्रश्नापाशी नमुना परत ठेवून दिल्याचे एका लिपिकाने सांगितले, आणि त्यात मला त्याची चूक दिसत नाही. ज्या नमुन्यातून पहिल्या तासातले मृत्यू मोजायचे, त्यात मिनिटांची सोय असायला हवी.

कुटुंबांचाही यात भाग होता, पण त्यांना दोष देणे अवघड आहे. जन्माचा आणि मृत्यूचा असे दोन दाखले एकाच दिवशी हातात घेण्याची इच्छा कोणालाच नसते. बाळ पुरले जाते, बहुधा त्याच दिवशी, आणि लहान बाळ पुरताना कोणी दाखला मागत नाही. ‘मेलेलेच जन्मले असे लिहा’ असे सांगणारे वडील भेटले, तेव्हा त्यामागे लपवाछपवी नव्हती, आईला आणखी प्रश्न विचारले जाऊ नयेत एवढीच काळजी होती.

आता मुद्दाम झालेल्या भागाकडे यावे लागेल. बालमृत्यू झाला की अन्वेषण होते, माहिती वर जाते, आढावा बैठकीत संबंधित अधिकाऱ्याला उभे राहून खुलासा द्यावा लागतो. उपजत मृत्यूचा असा पाठपुरावा त्या मानाने सैल होता. खासगी डॉक्टरांना वेगळी धास्ती होती : बाळ जिवंत जन्मले आणि मग गेले, असा कागद नातेवाइकांच्या हाती पडला तर वाद वाढतो. ज्या नोंदीमुळे खुलासा द्यावा लागतो ती नोंद टाळून शेजारच्या रकान्यात टाकण्याची वाट जर मोकळी असेल, तर आकडे त्या वाटेने जातात. त्यासाठी कोणी कट करावा लागत नाही. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून राज्यातील बालमृत्यू शासकीय आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवले, तेव्हाही वाद मृत्यू किती झाले यापेक्षा ते कोणी आणि का मोजले नाहीत, या प्रश्नाभोवतीच फिरत राहिला होता.

चुकीच्या नोंदी दुरुस्त कशा करायच्या, यावर कार्यालयात बराच खल झाला. संगणकावरील नोंद बदलून टाकावी, असा सोपा मार्ग सुचवला गेला. तो कायद्यात बसत नाही आणि बसू नये. कलम १५ प्रमाणे चुकीची नोंद खोडायची नसते. मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्तीची किंवा ती रद्द केल्याची नोंद करायची, सही आणि तारीख घालायची. म्हणून उपजत मृत्यूच्या वहीतील नोंद समासात रद्द करून जन्म आणि मृत्यू असे दोन नवे अहवाल घेणे, हा मार्ग ठरला. हे नवे अहवाल अर्थातच उशिराचे होते, आणि त्यांना कलम १३ लागू होते : २१ दिवसांनंतर पण ३० दिवसांच्या आत विलंब शुल्कासह, ३० दिवसांनंतर एका वर्षाच्या आत जिल्हा निबंधकांच्या लेखी परवानगीने, आणि एका वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानेच. २०२३ च्या सुधारणेनंतर हे अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आले आहेत.

येथे निबंधकांनी घेतलेला एक निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. संस्थेत घडलेल्या घटनेची माहिती देण्याची जबाबदारी कलम ८ प्रमाणे संस्थेच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची असते, कुटुंबाची नसते. त्यामुळे वर्षाच्या आतील सर्व नोंदींचे फेरअहवाल रुग्णालयांकडूनच घेतले गेले आणि एकाही आईला किंवा वडिलांना कार्यालयात बोलावले नाही. वर्षाहून जुन्या नोंदींसाठी मात्र प्रत्येकी स्वतंत्र अर्ज आणि आदेश लागला असता, आणि त्यात कुटुंबांना ओढावेच लागले असते. त्या नोंदी तशाच ठेवून, त्या वर्षांचे उपजत मृत्यू आणि अर्भकमृत्यू यांचे आकडे परस्परांशी तोलून वापरू नयेत, असे टिपण जिल्हा निबंधकांना पाठवले गेले. सांख्यिकीच्या दृष्टीने हा तोडगा अपुरा आहे, हे खरे. तरीही जुना आकडा सुधारण्यासाठी जुने दुःख उकरून काढण्यापेक्षा तो आकडा सदोष आहे असे लिहून ठेवणे अधिक प्रामाणिक होते.

पुढच्या नोंदी मुळातच बरोबर याव्यात यासाठी जे बदल केले, त्यांत तंत्रज्ञानाचा वाटा जवळजवळ नव्हता. नागरी नोंदणीचे पोर्टल तारखांची विसंगती पकडते, रिकामा रकाना पुढे जाऊ देत नाही. पण चुकीचा नमुना पूर्णपणे बरोबर भरला असेल तर त्याला काही कळण्याचे कारण नाही. म्हणून नमुना ३ सोबत प्रसूतिकक्षाच्या वहीतील त्या ओळीची साक्षांकित प्रत जोडावी, अशी विनंती सर्व प्रसूतिगृहांना करण्यात आली. नमुना भरताना ‘बाळ मृत जन्मले का?’ असे विचारण्याऐवजी ‘बाहेर आल्यावर ठोके लागले का, श्वास घेतला का, हालचाल दिसली का?’ असे तीन साधे प्रश्न प्रसूतिकक्षातील परिचारिकेला विचारावेत आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर नमुना ३ बाजूला ठेवावा, एवढाच नियम लिपिकांना दिला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हा निष्कर्ष असतो आणि तो देणाऱ्याला त्याचे परिणाम ठाऊक असतात. पुढच्या तिन्हींची उत्तरे पाहिलेली गोष्ट सांगतात. परिचारिकांनी ही पद्धत डॉक्टरांपेक्षा लवकर उचलली, कारण वहीत खरे तेच त्या आधीपासून लिहीत होत्या.

दुसरा बदल बाहेरच्या याद्यांशी मेळ घालण्याचा होता. घरच्या घरी नवजात बालकांची काळजी या कार्यक्रमात आशा स्वयंसेविका संस्थेत बाळंतपण झालेल्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. तिच्या वहीत बाळ दगावल्याची तारीख असते, आणि ती सांगणारी बहुधा आईच असते. या याद्या, अतिदक्षता कक्षाच्या भरती-वह्या आणि नोंदणी कार्यालयाच्या तिन्ही वह्या महिन्यातून एकदा एकत्र बसून, आईचे नाव व प्रसूतीची तारीख यांवरून ओळीने जुळवल्या जाऊ लागल्या. एकूण बेरजा जुळवण्याचा आग्रह मुद्दाम सोडला गेला. बेरजा जुळतात म्हणून नोंदी बरोबर आहेत, याच समजुतीने हे कार्यालय इतकी वर्षे ‘समाधानकारक’ ठरत आले होते.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला आणि म्हणूनच अडचणीचा ठरला. उपजत मृत्यू कमी झाले आणि पहिल्या दिवसातील मृत्यू वाढले. जिल्ह्याच्या आढाव्यात या शहराचे नाव बालमृत्यू वाढलेल्यांच्या यादीत आले, आणि ‘एकदम वाढ कशी?’ या प्रश्नाचा लेखी खुलासा मागवला गेला. शेजारचे शहर, जेथे दोन्ही वह्या पूर्वीसारख्याच होत्या, त्या यादीत नव्हते. निबंधकांनी खुलाशासोबत उपजत मृत्यू आणि पहिल्या सात दिवसांतील मृत्यू यांची एकत्रित बेरीज दिली, म्हणजेच प्रसूतिकालीन मृत्यू. ती जवळपास स्थिर होती. बाळे तेवढीच गेली होती, त्यांचे रकाने बदलले होते. हा युक्तिवाद मान्य झाला, पण तो मांडण्याची पाळी येणे हाच या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग आहे. आढावा घेणाऱ्यांनी एकट्या अर्भकमृत्यूकडे पाहण्याऐवजी दोन्ही आकडे नेहमी शेजारी मागितले असते, तर एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकवण्यात कोणालाच काही लाभ उरला नसता.

कारणाच्या प्रमाणपत्रांची गुणवत्ता हा याच प्रकरणाचा पुढचा टप्पा आहे आणि तेथे प्रगती थोडीच आहे. नमुना ४ मध्ये तात्कालिक कारण, त्याला कारणीभूत ठरलेली अवस्था आणि मूळ कारण असा क्रम लावायचा असतो. पहिल्या ओळीत ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या, तर मृत्यू झाला यापलीकडे त्यातून काही समजत नाही. नवजात बाळाच्या बाबतीत मुदतपूर्व जन्म, संसर्ग, जन्मजात व्यंग आणि प्रसूतीत गुदमरणे यांतला भेद न लिहिल्यास कोणत्या रुग्णालयाला काय हवे आहे, ते सांगता येत नाही. २०२० मध्ये देशातील नोंदलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते, हे पाहता प्रमाणपत्र मिळते यातच समाधान मानण्याकडे कल असतो. २०२३ च्या सुधारणेने सर्व वैद्यकीय संस्थांना हे प्रमाणपत्र निबंधकांकडे पाठवणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक केले. नातेवाइकाच्या हाती प्रत जाणार, म्हणून डॉक्टर अधिक नेमके लिहितील की अधिक मोघम, याबद्दल कार्यालयात दोन मते आहेत. मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. बाळ या शहरात जन्मते, वरच्या रुग्णालयात पाठवले जाते आणि दुसऱ्या जिल्ह्यात दगावते. नोंदणी घटना जेथे घडली तेथे होते, म्हणून जन्म एका कार्यालयात आणि मृत्यू दुसऱ्या कार्यालयात नोंदला जातो. रुग्णवाहिकेत मृत्यू झाला तर वाहन पहिल्यांदा जेथे थांबते ते ठिकाण धरले जाते, आणि चालकाने ही माहिती द्यायची असते हे बहुतेक चालकांना ठाऊक नसते. सध्या दोन्ही कार्यालयांचे लिपिक अशा बाळांची यादी आपापसात फोनवरून जुळवतात. त्यांपैकी एकाची बदली झाली तेव्हा ही जुळवणी काही काळ थांबली होती. ती व्यक्तीवर अवलंबून राहू नये, म्हणून जन्मनोंदणीचा क्रमांक रुग्णालयाच्या संदर्भ-चिठ्ठीवर छापावा आणि मृत्यूच्या अहवालात त्याला रकाना द्यावा, असा प्रस्ताव मुख्य निबंधकांच्या कार्यालयाकडे पाठवण्यात आला असून त्यावर निर्णय व्हायचा आहे.